संगणकाचे काम ब्राउझरमध्ये नेताना



पिशोरसारख्या गावी, शेतकरी आणि मजुरांच्या मुलामुलींनी भरलेल्या या सभेत संगणकासारख्या विषयावर बोलावे की नाही, याचा मी बराच विचार केला. पण कापूस, मका आणि अद्रक पिकविणाऱ्या या भागातही आज सातबारा, शाळेचा दाखला, शिष्यवृत्ती, बँकेचे खाते यांपैकी काहीच संगणकाविना हलत नाही. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे. माझे हे भाषण आता स्मरणिकेत छापले जात आहे. म्हणून वाचकहो, समोर बसलेल्या श्रोत्यांइतकेच मी आपल्याशीही बोलत आहे असे समजावे.

आपल्यापैकी पुष्कळांनी एक बदल पाहिला असेल. पूर्वी कार्यालयातील प्रत्येक कामासाठी संगणकावर एक वेगळी प्रणाली बसवावी लागे. ती त्याच संगणकावर चाले, तिची माहितीही त्याच संगणकाच्या पोटात राही. आता कारकून आधी ब्राउझर उघडतो, पत्ता टाकतो आणि सारे काम त्या एका खिडकीत होते. प्रणाली कुठे दूर सर्व्हरवर असते, माहितीही तिथेच असते. आपल्या टेबलावर राहतो तो केवळ पडदा. हा बदल वरवर साधा दिसतो. तो साधा नाही, हे मला स्वतः चुका करूनच कळले. त्या चुकांची हकीकत आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

मी पूर्वी मराठवाड्यातील एका शाळेत संगणकाचे काम पाहत असे. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे फॉक्सप्रोमध्ये बनविलेली एक जुनी प्रणाली होती. प्रवेश-निर्गम रजिस्टर, बोनाफाईड, शाळा सोडल्याचा दाखला, सर्व काही त्यावर होत असे. ती चालविणारे कारकून वयाने मोठे होते. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणत असू. चाचा पडद्याकडे क्वचितच पाहत. डोळे कागदावर, बोटे कळफलकावर. नाव लिहिले की एंटर, वडिलांचे नाव लिहिले की एंटर, जन्मतारीख लिहिली की एंटर. एका मुलाची नोंद पुरी व्हायला त्यांना एक मिनिटही लागत नसे.

पुढे जुना संगणक मोडला. नवा आला त्यावर ६४ बिटी विंडोज होते, आणि अशा विंडोजवर डॉसच्या काळातील १६ बिटी प्रणाली मुळीच चालत नाही. शिवाय प्राथमिक शाळा, हायस्कूल आणि ज्युनिअर कॉलेज या तिन्ही ठिकाणांहून एकच रजिस्टर पाहता यावे, अशी हेडमास्तर साहेबांची इच्छा होती. तेव्हा मी ती प्रणाली ब्राउझरमध्ये नेण्याचे ठरविले. मला वाटले, यात अवघड ते काय? जुना पडदा समोर ठेवायचा आणि चौकटीस चौकट, बटणास बटण तसेच्या तसे नव्यात उतरवायचे. एका महिन्यात मी ते काम पुरे केले आणि मोठ्या अभिमानाने चाचांना खुर्चीवर बसविले.

चाचांनी पहिल्या मुलाचे नाव लिहिले आणि सवयीने एंटर दाबले. ब्राउझरमध्ये चौकटीत एंटर दाबले की सामान्यतः संपूर्ण अर्जच रवाना होतो. अर्धवट नोंद सर्व्हरवर गेली. मुलाला वडील नाहीत, जन्मतारीख नाही. जुन्या प्रणालीत शोध घेण्यासाठी एफ-५ ही कळ होती. ब्राउझरमध्ये त्याच कळीने पान नव्याने उघडते आणि लिहिलेले सारे पुसले जाते. चाचांनी तीन वेळा लिहिले, तिन्ही वेळा गेले. मग ते खुर्ची मागे सारून म्हणाले, "बेटा, मोटारीतून उतरवून बैलगाडीत बसविलेस की रे मला!"

कार्यालयातील तरुण मंडळी हसली. चाचांना आता नवे जमत नाही, असे कुणीतरी म्हणाले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. ज्या माणसाच्या बोटांत वीस वर्षांचे कसब होते, त्याला मी एका दिवसात अडाणी ठरविले होते. दोष त्यांचा नव्हता, माझ्या पडद्याचा होता.

हे असे का होते, हे समजण्यासाठी ब्राउझरचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे. स्वित्झर्लंडमधील सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९० मध्ये पहिला ब्राउझर तयार केला. शास्त्रज्ञांना एकमेकांचे लेख वाचता यावेत, हा त्याचा हेतू होता. म्हणजे ब्राउझर जन्माला आला तो वाचण्याचे साधन म्हणून. कारकुनाचे टेबल होणे त्याच्या नशिबी नंतर आले. सर्व्हर पान पाठवितो आणि आपल्याला विसरून जातो. पुढचे पान मागितले की तो पुन्हा अनोळखी माणसाप्रमाणे वागतो. लेख वाचणाराला याने काही बिघडत नाही. पण चाळीस चौकटींचा अर्ज भरणाराचे बरेच बिघडते.

पुढे या वाचनाच्या साधनाला काम करण्याजोगे बनविण्याचे प्रयत्न झाले. १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट ही भाषा आली, त्यामुळे पान आपल्या जागीच थोडाफार विचार करू लागले. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये अशी सोय आली की, संपूर्ण पान न बदलता त्यातील थोडीशीच माहिती सर्व्हरकडून आणता यावी. ही सोय त्यांनी मुळात आपली ई-मेलची प्रणाली ब्राउझरमध्ये चालावी म्हणून केली होती. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगलचे नकाशे आले, तेव्हा डेस्कटॉपवर होते तसे काम ब्राउझरमध्येही होऊ शकते, हे जगाला पटले.

आज जुनी प्रणाली ब्राउझरमध्ये नेण्याचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग असा की, प्रणालीला हात लावायचा नाही. ती सर्व्हरवर चालू द्यायची आणि तिच्या पडद्याचे फक्त चित्र ब्राउझरमध्ये दाखवायचे. जीटीके नावाच्या साधनसंचात २०११ मध्ये ब्रॉडवे नावाची अशीच सोय आली. हा मार्ग झटपट आहे, पण प्रत्येक माणसामागे सर्व्हरवर एक प्रणाली चालू ठेवावी लागते आणि लाईन मंद असली की पडदा अडखळतो. दुसरा मार्ग, जुन्या भाषेत लिहिलेली प्रणालीच ब्राउझरला समजेल अशा रूपात बदलून घ्यायची. २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत वेबअसेम्ब्ली आल्याने हे शक्य झाले. १९८२ पासून चालत आलेले ऑटोकॅड हे नकाशे काढण्याचे सॉफ्टवेअर २०१८ मध्ये याच वाटेने ब्राउझरमध्ये आले. तिसरा मार्ग म्हणजे पडदा नव्यानेच लिहायचा. लहान संस्थांना बहुधा हाच परवडतो. मीही हाच धरला होता. पण नव्याने लिहिताना नव्याने विचार करायचा असतो, हे मी विसरलो.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहू. २००१-०२ च्या सुमारास राज्यातील दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांत दस्त नोंदणीसाठी 'सरिता' ही संगणक प्रणाली आली. त्या वेळी प्रत्येक कार्यालयाचा संगणक म्हणजे एक स्वतंत्र बेट होते. २०१२ मध्ये 'आय-सरिता' आली. माहिती एका मध्यवर्ती ठिकाणी गेली आणि काम वेबवरून होऊ लागले. शाळांचेही तेच झाले. शाळांची वार्षिक माहिती पूर्वी कागदी प्रपत्रावर भरून वर जाई आणि तिथे संगणकावर चढविली जाई. २०१८-१९ पासून यु-डायस प्लसमध्ये ती थेट ऑनलाईन भरली जाते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या केंद्रीय शिष्यवृत्तीचे अर्ज २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर गेले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा मिळू लागला. ज्या उताऱ्यासाठी पिशोरच्या शेतकऱ्याला दिवसाची मजुरी बुडवून खेटे घालावे लागत, तो आज गावातच निघतो. हा लाभ लहान नाही, आणि तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण लाभाबरोबर काय हरवू शकते, तेही सांगितले पाहिजे.

पहिली गोष्ट स्मरणाची. एक प्रसंग मी विसरू शकत नाही. एका शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. अर्ज निम्मा भरला आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक हवा म्हणून ती घरी धावत गेली. ती परत येईपर्यंत पडद्यावर सूचना आली की आपली वेळ संपली आहे, पुन्हा प्रवेश करा. पुन्हा प्रवेश केला, तर भरलेले काहीच नव्हते. पुन्हा भरायला बसलो. तोवर गर्दीने पोर्टल उघडेनासे झाले. रात्री बारा वाजता मुदत संपली. ती मुलगी त्या वर्षी शिष्यवृत्तीला मुकली. जुन्या कागदी अर्जावर अर्धे लिहून ठेवले तर ते उद्याही तसेच राही. ब्राउझरमध्येही हे करता येते. भरलेली प्रत्येक चौकट त्याच क्षणी संगणकात तात्पुरती जपून ठेवण्याची सोय ब्राउझरात आहे. ती वापरणे न वापरणे हे पडदा बनविणाऱ्याच्या हाती असते. त्याने आळस केला की त्याची किंमत कुणीतरी दुसराच मोजतो.

दुसरी गोष्ट दोन हातांची. फॉक्सप्रोमध्ये एकाने नोंद उघडली की दुसऱ्याला ती बदलू न देण्यासाठी कुलूप लावता येई. ब्राउझरमध्ये दोन ठिकाणी एकच नोंद एकाच वेळी उघडली जाते. आमच्या शाळेत एकाने एका मुलाच्या वडिलांचे नाव दुरुस्त केले. दुसऱ्याच्या पडद्यावर जुनेच नाव होते, त्याने पत्ता बदलून नोंद जतन केली आणि दुरुस्त झालेले नाव पुन्हा चुकले. दाखला चुकीचा गेला. नावातील एका वेलांटीसाठी आपल्या लोकांना प्रतिज्ञापत्रे करीत फिरावे लागते, हे मी आपणास सांगायला नको. यावर उपाय असा की, प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा क्रमांक द्यावा आणि जतन करताना मधल्या काळात तो बदलला आहे काय, हे तपासावे. बदलला असेल तर प्रणालीने थांबावे आणि विचारावे.

तिसरी गोष्ट लिपीची. जुन्या प्रणालीतील मराठी ही खरे तर मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसविलेले ते देवनागरी आकार होते. विशिष्ट फाँट असला तरच ते मराठी दिसे. ब्राउझरमध्ये नेल्यावर हजारो मुलांची नावे गिचमिड चिन्हांची झाली. वास्तविक भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये ठरले होते आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. पण सवयीने आपण फाँटांनाच चिकटून राहिलो. विंडोज २००० पासून 'मंगल' हा युनिकोड देवनागरी फाँट सर्वांना मिळू लागला. तो घडविणारे र. कृ. जोशी हे आपल्या मराठीतलेच कवी आणि सुलेखनकार होते, हे आपल्या मुलांना माहीत असावे.

उर्दूची वाट याहून बिकट होती. नस्तालीकमध्ये अक्षरे तिरपी उतरत जातात आणि शेजारच्या अक्षराप्रमाणे आकार बदलतात. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती तयार करून नूरी नस्तालीक यंत्रावर आणली. १९९४ मध्ये दिल्लीत इनपेज तयार झाले आणि उर्दू छपाई टेबलावर आली. परंतु इनपेजमधील मजकूर ब्राउझरला समजत नसे. म्हणून कित्येक वर्षे उर्दू वेबवर चित्र म्हणूनच दिसे. चित्रातील नाव शोधता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. २०१४ मध्ये गूगलचा नोटो नस्तालीक हा युनिकोड फाँट खुला झाल्यावर ही अडचण पुष्कळ कमी झाली. आज एकाच पानावर डावीकडून मराठी आणि उजवीकडून उर्दू व्यवस्थित मांडता येते. ज्या संस्थेत दोन्ही भाषा शिकविल्या जातात, तिने दोन्ही नावे रजिस्टरात युनिकोडमध्येच ठेवावीत, असा माझा आग्रह आहे.

चौथी गोष्ट यंत्रांची. डेस्कटॉपवरील प्रणाली छापयंत्र, अंगठ्याचे यंत्र, डिजिटल सहीचे टोकन यांच्याशी थेट बोलू शकते. ब्राउझरला तसे मोकळे रान देत नाहीत. दिले तर कोणतेही भलतेसलते पान आपल्या संगणकात हात घालील. पूर्वी अॅक्टिव्हएक्स आणि जावा अॅप्लेट यांच्या आधारे ही भिंत ओलांडली जाई. २०१५ मध्ये क्रोमने अशा जोडण्या बंद केल्या आणि १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोररही निवृत्त झाला. त्यांच्यावर विसंबलेल्या प्रणाल्यांना नव्याने लिहून घ्यावे लागले. एका कंपनीच्या एकाच ब्राउझरवर घर बांधू नये, हा त्यातला धडा. आमच्याकडे अडचण दाखल्याच्या छपाईची होती. छापील नमुन्यावर ओळी जागेवर पडेनात. वर तारीख आणि खाली वेबचा पत्ता उमटे. शेवटी दाखला आधी पीडीएफ करून मगच छापायचा, असे ठरविले.

पाचवी गोष्ट वीज आणि लाईनची. एक गैरसमज मला येथे दूर करावयाचा आहे. ब्राउझर म्हणजे इंटरनेट, असे आपण समजतो. तसे मुळीच नाही. शाळेच्याच एका खोलीत एक साधा संगणक सर्व्हर म्हणून ठेवला आणि बाकीचे त्याला तारेने जोडले, तर इंटरनेट बंद असतानाही ब्राउझरमधून सारे काम चालते. आम्ही अखेर हेच केले. रजिस्टर शाळेतच राहिले, रोज सायंकाळी त्याची प्रत वेगळ्या डिस्कवर निघू लागली आणि ती डिस्क दुसऱ्या इमारतीत कुलूपबंद होऊ लागली.

आणि चाचांचे काय झाले? मी त्यांच्या शेजारी सलग आठ दिवस बसलो. ते जुन्या पद्धतीने कसे काम करीत, ते त्यांच्याकडून ऐकून वहीत उतरविले. एंटरने पुढच्या चौकटीत जाता येईल, अशी व्यवस्था केली. एफ-५ पुन्हा शोधाची कळ झाली. जन्मतारीख लिहिताना रेघा न मारता नुसते आकडे लिहिले तरी चालतील, असे केले. हे सारे ब्राउझरमध्ये शक्य होते. मला केवळ ते विचारायचे सुचले नव्हते. नंतर चाचांचा वेग बराचसा परत आला. पूर्वीइतका नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण दुसऱ्या शाळेतून फोन आला की ते आपल्या जागेवरून दोन मिनिटांत नोंद शोधून देत, हे पूर्वी कधीच शक्य नव्हते. त्याचा त्यांना अभिमान वाटे.

बंधुभगिनींनो, या सगळ्यातून मला एवढेच सांगावयाचे आहे. पडदा कोण बनवितो, याला फार महत्त्व आहे. जो बनवितो त्याला आपले रजिस्टर, आपली नावे, आपल्या आयांची धावपळ आणि आपल्या गावची वीज ठाऊक नसेल, तर तो शहाणा असूनही आपल्यावर अन्याय करील. आणि तो अन्याय कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून आपली मुले केवळ अर्ज भरून देणाऱ्या दुकानात बसावीत, एवढ्यावर आपण समाधान मानू नये. ती पडदा बनविणारी व्हावीत. या शिक्षणाला फार पैसा लागत नाही. वेबचे पान लिहायला साधा संगणक आणि त्यातलेच नोटपॅड पुरते. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट विकत घ्यावी लागत नाही. सर्नने १९९३ मध्ये वेब सर्वांसाठी विनामूल्य खुले केले, त्याचा फायदा पिशोरच्या मुलीलाही तितकाच आहे.

पालकांना माझी विनंती आहे की, मुलगी संगणकापुढे बसली तर तिला उठवू नका. शिक्षकांना विनंती आहे की, दहावीच्या सुट्टीत चार मुलांना घेऊन आपल्याच ग्रंथालयाच्या पुस्तकांची यादी ब्राउझरमध्ये आणून पाहा. ग्रंथपालांच्या शेजारी बसून, त्यांना विचारून ती करा. आणि विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला नवा पडदा जमत नाही असे दिसले, तर हसू नका. आधी पडद्यात काय चुकले आहे, ते पाहा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.